निसळ सरांचा फळा

परीक्षांचे दिवस आले, हे अजूनही सगळ्यांत आधी माझ्या तळपायांना कळतं. फेब्रुवारी संपत आलेला असतो. बाहेर ऊन चटके द्यायला लागलेलं असतं आणि घरात दुपारी अनवाणी चालताना फरशीचा गारवा तळव्यातून पोटरीपर्यंत चढतो. एरवी वर्षभर फरशी ही फरशीच असते, पुसायची आणि घसरू नये म्हणून जपून चालायची. या पंधरा दिवसांत मात्र तिच्यावर पाय ठेवला की मी अठरा वर्षांची होते, हातात इंग्रजीची वही असते आणि मागच्या खोलीत कुणीतरी आहे असं वाटत राहतं. सदुसष्टाव्या वर्षी असं वाटणं बरं नव्हे, असं माझी सून म्हणते. तिचं बरोबर असेल.

यंदा तर निमित्तच झालं. वरच्या मजल्यावरची सई दहावीला आहे. मागच्या पंधरवड्यात ती वर्कबुक घेऊन खाली आली, सोफ्यावर मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "आजी, हे नॉन-फायनाइट व्हर्ब मला या जन्मात कळणार नाही. तीन व्हिडिओ बघितले, तिघं तीन गोष्टी सांगतात." मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. हा धडा मी झोपेतही शिकवीन. तरीही चष्मा लावून पान उघडलं आणि बोट पहिल्याच ओळीवर अडलं. कारण मला हा धडा आमच्या इंग्रजीच्या निसळ सरांच्या अक्षरात मिळाला, आणि तो मिळाला तेव्हा निसळ सरांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

तेव्हा आम्ही आकुर्डीला दोन खोल्यांत राहायचो. अण्णा पंपाच्या कारखान्यात होते आणि त्यांना बहुतेक तिसरी पाळी असे. ज्या घरात तिसरी पाळी असते त्या घरात दिवस नसतो. सकाळी आठला अण्णा येऊन झोपत, मग चारपर्यंत आई भांडं ठेवतानासुद्धा खाली फडकं अंथरी. आमचं बोलणं हाताच्या खुणांनी चाले. आणि माझी खोड अशी, की मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. ओठ हलवून केलेला अभ्यास पाण्यावर लिहिल्यासारखा पुसून जायचा.

त्यात माझं एक वर्ष वाया गेलेलं. जुन्या अकरावीची ती गोष्ट. बोर्डाच्या आधी शाळा एक परीक्षा घ्यायची आणि त्यात पास होणाऱ्यांचाच फॉर्म पुढे जायचा. मला इंग्रजीत एकतीस पडले, पासाला पस्तीस लागत. पेपर हातात मिळालेच नाहीत, कारण पेपर तपासून चारच दिवसांत निसळ सर गेले. नुसते आकडे शाळेच्या बोर्डावर लागले. पाचवा प्रश्न नॉन-फायनाइटचा, दहा मार्कांचा. तो मी पुरवणीवर लिहिला होता आणि मला वाटलं होतं, बरा लिहिला आहे. एकतीस पाहिल्यावर मीच मनात हिशेब केला, की त्यात शून्य मिळालं असणार, म्हणजे मला यातलं काही कळत नाही. माणूस स्वतःबद्दल वाईट गोष्टीवर किती पटकन विश्वास ठेवतो, याचं मला आजही नवल वाटतं.

आता बाहेरून बसायचं होतं आणि अण्णांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. राजगुरुनगरच्या एका घरातून मला मागणी आली होती. मुलगा चांगला होता, किराणा दुकान होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. पास झालीस तर पुण्याला डी.एड.ला घालतो, अण्णा म्हणाले, नाहीतर मे महिन्यात त्यांना होकार कळवतो. ओरडून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे, जेवता जेवता म्हणाले.

अशा वेळी निसळ काकूंकडून, म्हणजे सरांच्या पत्नीकडून, किल्ली आली. निसळ सरांनी निगडीला प्राधिकरणात प्लॉट घेऊन घर बांधलं होतं. रिटायर झाल्यावर तिथं क्लास काढायचा म्हणून बाहेरच्या खोलीच्या भिंतीतच करीम मिस्त्रीकडून त्यांनी काळ्या सिमेंटचा मोठा फळा करवून घेतला होता. घर झालं, रंग लागला आणि सर गेले. वर्षश्राद्ध होईपर्यंत वास्तुशांत करता येईना. पुढे पौष आला, मग सरांच्या थोरल्या भावांनी अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला आणि फर्मान काढलं, की तोवर घरच्या कुणी त्या वास्तूत पाऊल टाकायचं नाही. काकू चिंचवडगावात त्यांच्याच आश्रयाला राहत. त्यांनी आईला चिठ्ठी पाठवली. कोपऱ्याकोपऱ्याचं बारीक मराठी अक्षर, आणि सहीतल्या 'निसळ'मध्ये पोटात आडवी रेघ मारलेला, पोटफोड्या ळ. 'घर बंद राहिलेले बरे नव्हे. शशीला तिथे अभ्यासाला बसू द्या. केरवारा तेवढा काढायला सांगा. ती परक्या घरची, तिला दोष नाही.' दुसरी किल्ली थोरल्या भावांच्या खुंटीवर असे.

आज निगडी म्हटलं की बसचा मोठा स्टँड, दुकानं, गाड्यांचे हॉर्न. तेव्हा ते आखून ठेवलेलं आणि माणसं यायची राहून गेलेलं गाव होतं. सरळसोट रस्ते, रस्त्यांना चौक, चौकाला विजेचे खांब, खांबावर दिवे नाहीत. दोन्ही बाजूंना नंबर घातलेले दगड. बावीस, तेवीस, चोवीस. दगडांच्या मागे कुसळं आणि वारा. दहा-बारा घरं उभी राहिली होती तीही एकमेकांपासून हाकेच्या पलीकडे. मी साडेदहाला पोहोचायची, तोवर सावल्या आखडत आलेल्या असत. बाराला लांब कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि तो थांबला की जी शांतता पडायची ती कानात दुखायची. रात्रीची भीती लोकांना ठाऊक असते. भर दुपारची भीती तिथं एकटं बसल्याशिवाय कळत नाही. दुपारी सगळं लख्ख दिसत असतं आणि तरी काहीतरी दिसायचं राहिलंय असं वाटतं.

घरात सामान नव्हतं. चटई, केरसुणी, पाण्याचा तांब्या आणि मी. मोठ्यानं वाचायला लागले की रिकाम्या खोल्या वाक्याचा शेवटचा शब्द परत करायच्या. पहिल्या दिवशी मी दोनदा मागे वळून पाहिलं.

फळ्यावर वरच्या अंगाला एकच ओळ होती. फळा वाळला त्या दिवशी सरांनी स्वतः लिहिली, असं करीम मिस्त्रीनं आईला सांगितलं होतं. "मास्तर बोलले, मिस्त्री, इसको पुसायचं नाही हां." पण ती ओळ बघून मला वाईट वाटलं. अक्षरावर अक्षर चढलेलं, काय लिहिलंय तेही लागेना, शेवटचा शब्द उतरत उतरत पार खाली आलेला. सरांचं वहीतलं अक्षर आम्ही सगळे ओळखत होतो. छापील वाटावं असं, आणि इंग्रजी 'जी' या अक्षराची शेपटी विळ्यासारखी डावीकडे वळलेली. बरोबरच्या खुणेलासुद्धा तसाच विळा. नव्या सिमेंटवर खडू नीट चालला नसेल, असं मी स्वतःला समजावलं.

सर वर्गात म्हणायचे, क्रियापदं दोन जातींची. काही खुंट्याला बांधलेली, काही मोकळी सुटलेली. बांधलेलं क्रियापद आपल्या कर्त्याला विचारून चालतं. मी जाते, तो जातो, आपण काल गेलो, दोर जेवढा तेवढंच. मोकळ्याला कर्ता कोण, एक की अनेक, आज की काल, कशाचीच फिकीर नाही. जाऊन, जाताना, जायला. मी असो नाहीतर अख्खं गाव असो, जायला ते जायलाच. इंग्रजीत हेच नॉन-फायनाइट, आणि त्याची तीन नावं, इन्फिनिटिव्ह, जेरंड आणि पार्टिसिपल. सांगताना ते हातातली छत्री जमिनीवर आपटत फिरायचे. काळी छत्री, पितळी टोकाची. पाऊस असो नसो, बारा महिने हातात. टकटक आली की वर्ग चिडीचूप व्हायचा. आम्हाला वाटायचं, सरांची ऐट.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी फळ्याच्या खालच्या भागावर दहा वाक्यं लिहिली आणि त्यातली मोकळी क्रियापदं अधोरेखित केली. आय वॉन्ट टु पास. वॉकिंग ऑन द रोड, आय सॉ अ बफेलो. असलीच. मला दुसरं काय दिसत होतं तिथं. चारला कुलूप लावून गेले.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि दारातच थांबले. पहिल्या वाक्यापुढे लाल खडूनं बरोबरची खूण होती. विळ्याच्या शेपटीची. दुसऱ्या वाक्यात मी 'सॉ'खाली रेघ मारली होती, ती खोडून 'वॉकिंग'खाली मारलेली. आणि खाली एक ओळ, छापील वाटावी अशी. हू इज वॉकिंग? द वर्ड डज नॉट टेल अस. चालतंय कोण? शब्द सांगत नाही.

मी पळाले नाही, हे धाडस म्हणून सांगत नाही. फरशीचा गारवा गुडघ्यांपर्यंत आला होता. मग मी चटईवर बसले आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, आणि लाज वाटते सांगायला, पण भीती वाटता वाटताच माझ्या लक्षात आलं, की अरे, हे कळतंय आपल्याला.

घरी सांगितलं असतं तर किल्ली परत गेली असती आणि मे महिन्यात मी किराणा दुकानात. म्हणून गप्प बसले. खिडक्यांच्या कड्या तपासल्या, मागच्या दाराचा अडसर हलवून पाहिला, सगळं जागच्या जागी. एका संध्याकाळी निघताना खडू कुटून उंबऱ्याच्या आत पांढरी भुकटी पसरली. सकाळी बघते तर ती कुणीतरी केरसुणीनं नीट एकीकडे सारलेली. फक्त फळ्याच्या पायथ्याशी, सांडलेल्या भुकटीत, एकापुढे एक चार बारीक गोल ठिपके. छत्रीचं टोक टेकल्यासारखे.

त्या बाजूला म्हशी घेऊन येणारी ठकूबाई नावाची बाई होती, मूळ गावातली. ती पाणी मागायला आली तेव्हा मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, की सकाळी इकडं कुणी येतं का. "व्हय, येत्यात की मास्तर," ती म्हणाली. "सकाळच्या पारी. आमी म्हशी सोडतो तवा. काळी छत्री असतीया डोक्यावर." मी म्हटलं, मास्तर तर गेले. तिनं तांब्या तोंडाला लावला, पाणी संपवलं, तोंड पुसलं. "गेल्यात म्हून काय झालं. घर बांधलंय नव्हं."

आणि मग जे घडलं ते मला आजही सगळ्यात विचित्र वाटतं. मी सरावले. माणूस कशालाही सरावतो, परीक्षा जवळ आलेला माणूस तर भुतालासुद्धा. रोज चारला मी फळ्यावर प्रश्न लिहून जायची आणि रोज साडेदहाला उत्तर वाचायची. 'स्विमिंग' नाम कसं आणि क्रियापद कसं? उत्तर यायचं. 'टु' कुठं गाळायचा? उत्तर यायचं, वर दोन उदाहरणं. चूक केली की लाल रेघ, बरोबर आलं की विळा. विळ्यासाठी मी अभ्यास करायला लागले. पायातल्या चपला दाराबाहेर काढून आत येताना हळूच "येऊ का सर" म्हणायची.

रिकाम्या घरात बसून त्या शब्दांकडे पाहत राहिलं की वेगळंच वाटायचं. करणारा नाही, वेळ नाही, आणि करणं मात्र आहे. खडू झिजायचा आणि झिजवणारा दिसायचा नाही. फळा पुसलेला असायचा, पुसणारा नाही. सगळं घरच मोकळ्या क्रियापदांनी भरलंय, अशी माझी समजूत झाली होती. रात्री झोपेत मी 'टु ओपन, टु कम, टु सिट' असं बडबडायची, आई सांगायची.

मार्चची सुरुवात झाली. परीक्षेला सात दिवस राहिले आणि माझं धैर्य एकाएकी सुटलं. एका संध्याकाळी मी फळ्यावर मराठीतच लिहून टाकलं, की सर, मला काहीच येत नाही, मी परत नापास होणार.

सकाळी त्याखाली मराठीत उत्तर होतं. 'जाऊन, जाताना, जायला. दिवसभर हेच बोलतेस आणि येत नाही म्हणतेस? वेळ आहे अजून.' बारीक, कोपऱ्याकोपऱ्याचं अक्षर. 'वेळ'मधला ळ पोटफोड्या.

मी तशीच घरी आले, आईच्या डब्यातून काकूंची चिठ्ठी काढली आणि उजेडात धरली. तोच ळ. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. निसळ काकू चौथी शिकलेल्या. इंग्रजी पाटी दिसली की दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या. सर स्वतः वर्गात हसून सांगायचे, की आमच्या घरात इंग्रजीची एबीसीडी फक्त औषधाच्या बाटलीवर असते.

दुसऱ्या दिवशी मी सातलाच गेले. कुलूप काढलेलं होतं. खिडकीच्या गजाला काळी छत्री अडकवलेली. आणि फळ्यासमोर काकू, पदर खोचलेला, उजव्या हातात लाल खडू, माझी वाक्यं तपासत होत्या. तो हात मी कधी विसरणार नाही. म्हातारा, शिरा वर आलेला, बांगडी नसलेला हात, आणि त्यातून सरांचं अक्षर सरसर उतरत होतं. भुताला मी सरावले होते. याला नाही.

त्या दचकल्या नाहीत. वाक्य पूर्ण केलं, खडू ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. सरांना काचबिंदू होता. दहा-बारा वर्षांपासून नजर कडेकडेनं मिटत आली होती. कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीपेक्षाही, इंग्रजीचे निसळ सर आंधळे झाले, हे त्यांना सोसलं नसतं. आधी काकू नुसती अक्षरं ओळखायला शिकल्या, पेपर वाचून दाखवायला. मग सर सांगतील ते मार्क मांडायला. मग त्यांच्या अक्षरात शेरे लिहायला, कारण शेरा त्यांच्याच अक्षरात हवा. शेवटची पाच वर्षं वर्गातला धडा सरांना पाठ होता आणि घरातले सगळे पेपर काकूच तपासत होत्या. दुपारी, दार लावून. छत्रीची टकटक ऐट नव्हती, बाकं चाचपायची होती. आम्हा चाळीस जणांत एकालाही हे कळलं नाही. फळ्यावरची ती कोलमडलेली ओळ तेवढी त्यांची स्वतःची होती.

"म्हणजे माझा पेपर तुम्ही तपासला," मी म्हटलं.

काकूंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. माझी पुरवणी. डावीकडच्या भोकात दोऱ्याचा तुकडा अजून लटकत होता. गाठ सुटलेली. पाचवा प्रश्न, माझं तेव्हाचं गोल अक्षर, आणि खाली लाल शाईत विळ्याची खूण. दहापैकी सहा.

"गठ्ठ्यातून सुटून पलंगाखाली गेली होती," त्या म्हणाल्या. "यांचा ताप वाढलेला, माझं लक्ष नव्हतं. आकडे शाळेत गेले. दहाव्याच्या दिवशी खोली झाडताना सापडली. तेव्हाच तपासली. तुझे सदतीस होत होते, शशी. मुख्याध्यापकांकडे गेले असते तर फॉर्म गेला असता तुझा. पण मग विचारलं असतं, पेपर तपासत कोण होतं. यांचं तेरावं व्हायचं होतं. मी कागद ट्रंकेत ठेवला."

बाहेर ठकूबाईच्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मला आठवतंय ते एवढंच, की माझे कान गरम झाले होते. एक वर्ष. अण्णांचं ते जेवता जेवता बोलणं. शेजारणींचं विचारणं. आणि याहून वाईट म्हणजे, मला येत होतं. मला येत असलेली गोष्ट येत नाही असं समजून मी एक वर्ष जगले होते. मी म्हटलं, "तुम्ही माझं वर्ष खाल्लंत काकू."

"हो," त्या म्हणाल्या. "हा कागद तुझा. आता शाळेत दाखव, भाऊजींना दाखव, कुणाला हवं त्याला दाखव. मी नाही म्हणणार नाही."

मी रडले. चांगली हमसून रडले, रिकाम्या खोल्यांनी तेही परत केलं. काकू उठून जवळ आल्या नाहीत, आणि आल्या असत्या तर मी हात झटकला असता. बऱ्याच वेळानं भोंगा झाला, आठ वाजल्याचा. अण्णा एवढ्यात घरी पोहोचून झोपले असतील, असं मनात आलं. परीक्षेला पाच दिवस होते. मी पुरवणीची घडी करून वहीत घातली, नाक पुसलं आणि म्हटलं, "पार्टिसिपल अजून कच्चं आहे माझं."

काकूंनी खडू उचलला. पाच दिवस त्यांनी मला सकाळी आठ ते नऊ समोर बसवून शिकवलं. तोंडानं शिकवताना त्या अडखळायच्या, उच्चार सगळे वाचून शिकलेले, 'नॉलेज'ला 'क्नोलेडगे' म्हणायच्या आणि मग स्वतःच लाजायच्या. हात मात्र कधी अडला नाही. नऊ वाजता छत्री उघडून त्या बस धरायला जायच्या, घरी देवळात गेले होते म्हणून सांगायला. लांबून पाहिलं की खरोखर वाटायचं, सर चाललेत.

इंग्रजीत मला अठ्ठावन्न पडले. राजगुरुनगरला अण्णांनी नकार कळवला आणि स्वतः जाऊन माझ्यासाठी डी.एड.चा फॉर्म आणला. पुरवणी मी कुणाला दाखवली नाही. क्षमा केली म्हणून नव्हे. राग पुष्कळ वर्षं होता, डी.एड.ला मागच्या वर्षीच्या मुली पुढच्या वर्गात दिसल्या की उसळून यायचा. पण अक्षय तृतीयेला वास्तुशांतीत सगळे सरांचं गुणगान करत होते, आणि काकू मागच्या दारात विधवांच्या पंगतीला पत्रावळी मांडत होत्या, तेव्हा माझी बोलायची इच्छाच गेली. थोरले भाऊ फळ्याला चुना लावायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या, सरांची आठवण आहे. काकूंनी मान वर केली नाही.

निकालाचे पेढे घेऊन गेले त्या दिवशी त्या घरात एकट्याच होत्या. मी म्हटलं, काकू, तुमचं नाव लिहा ना फळ्यावर, इंग्रजीत. त्या हसल्या, उठल्या, खडू धरला आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. 'निसळ' त्यांनी एका झटक्यात लिहिलं, हुबेहूब सरांची सही. मग त्याआधी 'इंदिरा' लिहायला घेतलं, आणि तो हात, ज्यानं शेकड्यांनी पेपर तपासले होते, पहिलीतल्या पोरीसारखा अडखळत चालला. एक अक्षर मोठं, एक लहान, एक कलतं. सरांना हा शब्द कधी लिहावाच लागला नव्हता, त्यामुळे तो कसा काढायचा हे त्या हाताला ठाऊक नव्हतं. "बघ, बरोबर आहे का," त्या म्हणाल्या. मी लाल खडू घेऊन बरोबरची खूण केली.

आम्ही दोघींनी एकदमच तिच्याकडे पाहिलं. खुणेची शेपटी विळ्यासारखी डावीकडे वळली होती. काकूंनी पेढा अर्धा करून अर्धा मला दिला.

त्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे. काकू जाऊनही खूप वर्षं झाली. नोकरीत असताना परीक्षेच्या हॉलमध्ये मी बाकाबाकापाशी जाऊन प्रत्येक पुरवणीची गाठ ओढून बघायची, पोरी मागून हसायच्या. हसोत. तीस वर्षांत माझ्या हातून एकही पुरवणी सुटली नाही.

सईला आता नॉन-फायनाइट येतं. तिला मी खुंटा आणि दोर सांगितला, तिनं गुरं जवळून पाहिलेली नाहीत, पण कळलं तिला. परवा शेवटचा सराव म्हणून वीस वाक्यं लिहायला दिली. दुपारी बाराची वेळ, पंखा बंद पडलेला, ती खाली फरशीवर पालथी पडून लिहीत होती. मी चष्मा लावून वही हातात घेतली. उत्तरं बरोबर होती. पण पोरीचं अक्षर पंधरा दिवसांपूर्वी आली तेव्हा गोल, गुबगुबीत होतं, मला नीट आठवतं. आता 'वॉकिंग' लिहिलं होतं त्यातल्या 'जी'ची शेपटी खाली येऊन विळ्यासारखी डावीकडे वळली होती. वही मिटून परत दिली.